जमीन आपली, रंग कोणाचा?

गोव्यात सातबाऱ्याच्या जागी असतो त्या एक-चौदाच्या उताऱ्यावर झोनचा, म्हणजे त्या जमिनीत काय करता येईल याचा, रंग नसतो. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मी म्हापशात एका वकिलांकडे कारकुनी करतो. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी पेडणे-डिचोलीकडची माणसं एकाच फेरीत बाजारही करतात आणि कोर्टकचेरीही उरकतात. त्यामुळे आमच्या टेबलावर उताऱ्याच्या शेजारी कधी काकड्यांचा वाटा असतो, कधी सुक्या बांगड्यांची पुडी. उतारा उलगडून बहुतेक जण विचारतात, "ह्यात घर बांधायला मिळेल ना?" आणि मला सांगावं लागतं की ते ह्या कागदावर लिहिलेलंच नाही.

पेडण्याकडच्या एक वहिनी पावसाच्या तोंडावर आल्या, त्यांचा प्रश्न मात्र उलटा होता. त्यांना काही बांधायचं नव्हतं. त्यांच्या घरामागची काजूची डोंगरी कुणीतरी विकत घेतली होती आणि एका सकाळी तिथे जेसीबी लागला होता. "भाऊ, आम्ही ग्रामसभेत ठराव घेतला होता. एकाचाही विरोध नव्हता. मग मशीन वर चढलं कसं?"

त्यांना समजावून सांगायला मला पाऊण तास लागला. तेच इथे जरा सावकाशीने लिहितो.

उतारा, झोन आणि सनद

आधी उतारा. त्यावर गाव, तालुका, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग असतो. खाली क्षेत्रफळाचे रकाने: जिरायत, बागायत, भात, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेती), केर, मोरड, आणि शेवटी पोटखराब. मग कब्जेदार, कूळ, इतर हक्क. हा महसुलाचा कागद. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि मोजणीच्या वेळी ती कोणत्या जातीची धरली, एवढंच तो सांगतो. आमच्याकडे येणारे 'बागायत'च्या रकान्यावर बोट ठेवून "म्हणजे ही ऑर्चर्ड झोन झाली का?" असं विचारतात. नाही. उताऱ्यातली बागायत आणि आराखड्यातला ऑर्चर्ड यांचं पटेलच असं नाही. खातं वेगळं, साल वेगळं, हेतू वेगळा.

(कब्जेदाराच्या रकान्यात आजोबांचं नाव आणि त्यांच्या मागे अकरा वारस, ही गोव्याची जुनीच कथा. त्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे विक्रीखतावर नवराबायको दोघांची सही लागते. पण तो आजचा विषय नव्हे.)

दुसरी गोष्ट झोन. ती नगर व ग्राम नियोजन खात्याच्या, म्हणजे आपण ज्याला टीसीपी म्हणतो त्याच्या नकाशावर असते. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली सरकार अख्ख्या राज्याचा प्रादेशिक आराखडा करतं आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला एक रंग देतं. वस्तीचा, उद्योगाचा, ऑर्चर्डचा, शेतीचा, जंगलाचा. सध्याचा आराखडा २०२१ सालापर्यंतचा म्हणून बनला होता. त्यात जंगल, खारफुटी, खाजन वगैरे सगळ्यात कडक राखीव गटात आहेत, आणि २५ टक्क्यांहून जास्त उताराची जमीन बांधकामाला बंद आहे. शहरांभोवती नियोजन क्षेत्र जाहीर झालं असेल तर तिथे पीडीएचा, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरणाचा, बाह्य विकास आराखडा चालतो. तुमच्या तुकड्याचा रंग जाणून घ्यायचा तर सर्व्हे नंबर आणि नकाशा जोडून झोनिंग दाखला मागायचा. कागदांतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. जमीन विकत घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण तो बयाणा दिल्यानंतर मागतात.

तिसरी सनद. जमीन महसूल संहिता १९६८ च्या कलम ३२ खाली शेतजमीन बिगरशेती करायला जिल्हाधिकारी कार्यालय जी परवानगी देतं, ती ही. झोन वस्तीचा असला तरी सनदेशिवाय बांधता येत नाही, आणि झोन वस्तीचा नसेल तर घरासाठी सनद मिळत नाही.

ह्या सगळ्यानंतर टीसीपीची तांत्रिक मान्यता आणि शेवटी पंचायतीचा बांधकाम परवाना, गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ खालचा. गावात लोकांना दिसतो तो हा शेवटचा कागद, कारण त्यावर सरपंचाची सही असते. म्हणून शिव्याही सरपंचालाच बसतात. खरा निर्णय त्याच्या कितीतरी आधी, पणजीत झालेला असतो.

कुळाच्या जमिनीचं प्रकरण आणखी वेगळं. 'कसेल त्याची जमीन' म्हणून १९७६ च्या दुरुस्तीने जी शेतं कुळांच्या मालकीची झाली, ती गोवा जमीन वापर नियमन कायदा १९९१ प्रमाणे शेतीशिवाय दुसऱ्या कशालाही वापरता येत नाहीत. म्हणून उताऱ्यावरचा कुळाचा रकाना आणि त्याच्या जुन्या नोंदी आधी बघा. दलाल तो रकाना अंगठ्याने झाकून उतारा दाखवतात, हे मी स्वतः दोनदा पाहिलंय.

आणखी एक फसवा शब्द म्हणजे 'फार्म प्लॉट'. शेतजमिनीत फार्महाऊसला परवानगी मिळू शकते, पण त्यासाठी किमान ४,००० चौरस मीटर जागा लागते. एका ऑर्चर्डचे त्याहून लहान आठ तुकडे करून प्रत्येकाला 'फार्म प्लॉट' म्हणून विकलं तर त्यातल्या एकाही तुकड्यात घर होत नाही. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. घेणारा मुंबई-पुण्याचा असला तर त्याला ठाऊक नसतं, आणि हल्ली आपल्याच मडगाव-फोंड्याच्या माणसालाही नसतं.

ग्रामसभेचा ठराव कुठवर चालतो

वहिनींच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना संविधानात जागा मिळाली आणि अनुच्छेद २४३-अ मध्ये ग्रामसभेचं नाव आलं. लोक म्हणतात, ग्रामसभा संविधानात आहे म्हणजे तिचा शब्द शेवटचा. पण तो अनुच्छेद सावकाश वाचा. त्यात म्हटलंय की राज्याचं विधिमंडळ कायद्याने ठरवील ते अधिकार ग्रामसभा वापरू शकेल. पंचायतींच्या अधिकारांचा अनुच्छेद २४३-छ आहे, त्यातही तसंच: विधिमंडळ अधिकार देऊ शकेल. 'देऊ शकेल' म्हणजे 'दिलेच पाहिजेत' नव्हे. संविधानाने ताट मांडलं, वाढायचं काम राज्यावर सोडलं.

याहून बोचणारी गोष्ट अनुसूचींमध्ये आहे. पंचायतींकडे कोणते विषय सोपवता येतील त्यांची यादी अकराव्या अनुसूचीत, २९ विषयांची. नगरपालिकांची बाराव्या अनुसूचीत, १८ विषयांची. बाराव्या यादीतला पहिला विषय नगर नियोजन आणि दुसरा चक्क 'जमीन वापराचं आणि इमारत बांधकामाचं नियमन'. अकराव्या यादीत शेती आहे, जमीन सुधारणा आहे, मृदसंधारण आहे, लघुसिंचन आहे, पण 'जमीन वापर' हे शब्द नाहीत. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा असं खेडं असेल जिथे शेताचं शेतच राहतं. कांदोळीपासून मांद्र्यापर्यंतची खेडी त्यांनी पाहिली नसावीत, हे माझं मत.

बरं, नगरपालिकांच्या यादीत विषय असूनही गोव्यात शहरांचे आराखडे पीडीए करते, पालिका नाही. जिल्ह्यातल्या पंचायती आणि पालिकांचे आराखडे एकत्र करायला अनुच्छेद २४३-यघ खाली जिल्हा नियोजन समिती असावी लागते. गोव्यात झोनचा वाद पेटतो तेव्हा तिचं नाव कोणाच्या तोंडी नसतं, आणि यातच काय ते आलं.

ग्रामसभेत कोणीतरी हमखास नियमगिरीचं नाव काढतं. ओडिशात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून बारा ग्रामसभा भरल्या, सगळ्यांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण थांबली. खरं आहे. पण तिथला आधार वन हक्क कायद्याचा होता, शिवाय तो भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेला. गोव्यात पाचव्या अनुसूचीचं एकही क्षेत्र नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदाही इथे लागत नाही. वन हक्क कायदा मात्र लागू आहे. सत्तरी, सांगे, काणकोणातल्या वनवासी कुटुंबांनी आपले दावे त्याच्याखालीच केलेत. वहिनींची डोंगरी खासगी होती, जंगल म्हणून नोंदच नव्हती. तिथे नियमगिरी कामाचं नाही.

मग ठराव घ्यायचाच कशाला? घ्यायचा, पण नेमका. 'गावात एकही बिल्डर नको' असा ठराव वर्तमानपत्रात छापून येतो आणि तिथेच संपतो, कारण परवाना द्यायचा की नाकारायचा हे कायद्याने पंचायत मंडळाच्या हाती आहे आणि मंडळ कायद्याबाहेर जाऊन नाकारू शकत नाही. उलट 'सर्व्हे नंबर अमुकमधल्या झऱ्याचं पाणी खालच्या वाड्याच्या विहिरींना येतं, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, म्हणून पाण्याचा आणि रस्त्याच्या रुंदीचा अहवाल आल्याशिवाय परवान्याचा विचार करू नये' असा ठराव मंडळाला बाजूला सारता येत नाही. प्रकरण पुढे न्यायालयात गेलं तर तोच पुरावा होतो. जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने गावाची नोंदवही ठेवायची असते. ज्या गावात ती वही खरोखर भरलेली आहे, तिथे वकिलाचं अर्धं काम झालेलं असतं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गावांची वही कपाटात, आणि कपाटाची चावी सचिवाकडे.

"बाहेरच्यांना विकायला बंदीच घाला"

हेही दर ग्रामसभेत ऐकू येतं. राग समजण्यासारखा आहे, पण संविधानाची वाट तिथून जात नाही. भारतात कुठेही राहायचा आणि स्थायिक व्हायचा हक्क अनुच्छेद १९ देतो. त्यावर सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, पण जन्मस्थानावरून भेदभाव करायला अनुच्छेद १५ आडवा येतो. नागालँड, मिझोराममध्ये जमिनीबाबत राज्याच्या विधानसभेला खास अधिकार आहेत ते अनुच्छेद ३७१-अ आणि ३७१-छ मुळे. गोव्यालाही आपला अनुच्छेद आहे, ३७१-झ. मोठ्या अपेक्षेने उघडला तर त्यात एकच वाक्य: गोव्याच्या विधानसभेत तीसपेक्षा कमी सदस्य नसावेत. जमिनीबद्दल अवाक्षर नाही. विशेष दर्जाची मागणी होते ती याच पोकळीमुळे.

हिमाचलचं उदाहरण लोक देतात ते अर्धवट. तिथल्या कायद्याचं कलम ११८ 'बाहेरचा' म्हणून कोणाला अडवत नाही, ते बिगरशेतकऱ्याला अडवतं. शेतकरी नसलेल्या हिमाचलीलाही शेतजमीन घेताना तीच आडकाठी. गोव्याने २०२३ मध्ये शेतजमिनीच्या हस्तांतरणावर बंधन घालणारा कायदा केला तो याच वळणाचा. माणूस कुठला आहे हे न विचारता तो जमिनीचं काय करणार हे विचारलं की कायदा टिकायची शक्यता वाढते. म्हणजे फिरून पुन्हा झोनवरच आलो.

मालकाचाही हक्क आहे

वहिनींचे धाकटे दीर सोबत आले होते. इतका वेळ गप्प बसून मग म्हणाले, "पण ज्याची जमीन, त्याला काही हक्क आहे की नाही?" त्यांची स्वतःचीही एक अडचण होती. वडिलांनी बांधलेलं जुनं घर, घरपट्टी वर्षानुवर्षं भरलेली, आणि आराखड्याच्या नकाशात ती जागा ऑर्चर्डच्या रंगात. मुलासाठी मागे दोन खोल्या वाढवायच्या तर परवानगी मिळेना.

मालकीचा हक्क आज मूलभूत नाही. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने १९७८ मध्ये तो मूलभूत हक्कांतून काढला आणि अनुच्छेद ३००-अ मध्ये ठेवला: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणून तो कमकुवत झाला असं समजायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात ३००-अ च्या पोटातले सात उपहक्क उलगडून दाखवले. पहिला नोटीस मिळण्याचा, दुसरा बाजू मांडण्याचा, तिसरा कारणांसहित निर्णयाचा. तो निकाल भूसंपादनाचा होता, पण त्यातली दृष्टी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तसंच बांधकाम पाडण्याबाबत: नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे घर पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरच्या बांधकामांना ती सवलत नाही.

पण झोन म्हणजे काढून घेणं नव्हे. तुमची जमीन तुमचीच राहते, फक्त तिथे काय करायचं याला मर्यादा येते. घर बांधण्याचा हक्क मालकीत येतो, पण तो कायद्याने आखलेल्या चौकटीतच, असं न्यायालयं सांगत आलीत. आता उलट बाजू पाहा. शेजाऱ्याने नियोजनाच्या विरुद्ध काही उभारलं तर मला बोलायचा अधिकार आहे का? यावर १९७४ चा एक जुना निकाल मला फार आवडतो. उडुपीत नगर नियोजन योजनेप्रमाणे एक भाग वस्तीचा होता. नगरपालिकेने तिथे सिनेमागृहाला परवानगी दिली. एक रहिवासी भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सिनेमागृहाच्या मालकाचं म्हणणं, माझे एवढे पैसे बांधकामात गेले. न्यायालयाने म्हटलं, योजनेविरुद्ध परवानगी देण्याचा अधिकारच पालिकेला नव्हता, पैसे घातले म्हणून बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही, आणि वस्तीत राहणाऱ्याच्या उपभोगावर परिणाम होत असल्याने तक्रार करायचा त्याला हक्क आहे.

म्हणजे आराखडा हा सरकार आणि मालक यांच्यातलाच व्यवहार नाही. शेजारी, खालच्या वाड्याची विहीर, समोरचं खाजन, ह्या सगळ्यांना दिलेला तो शब्द आहे. तुमच्या जमिनीवर जी मर्यादा येते, तीच तुमच्या शेजाऱ्याच्या जमिनीवरही येते आणि त्यातून तुमच्या अंगणाला ऊन-पाणी मिळतं. हे एकदा डोक्यात बसलं की गोव्यातली गेल्या वीस वर्षांची भांडणं उलगडतात.

रंग बदलण्याची रीत

पहिला प्रादेशिक आराखडा १९८६ चा, २००१ सालापर्यंतचा. दुसरा २०११ पर्यंतचा, तो २००६ मध्ये अधिसूचित झाला. त्यात डोंगर आणि शेतं वस्तीच्या रंगात गेलेली पाहून लोक रस्त्यावर आले, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये प्रतापसिंह राणे सरकारने तो मागे घेतला. अख्खा आराखडा जनतेने परत पाठवला. पुढचा, २०२१ पर्यंतचा, करताना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया कृती दलात होते, आणि मसुद्याचे नकाशे गावोगावी पंचायतींत मांडले गेले. आमच्या गावातही नकाशा आला होता. जुन्याजाणत्या माणसांनी पेन्सिलने झरे दाखवले, 'इथे देवराई आहे, इथून होळीची वाट जाते' म्हणून खुणा केल्या. मी तेव्हा तरुण होतो, मला नकाशापेक्षा चहाची चिंता होती. २०११ मध्ये हा आराखडा अधिसूचित झाला. लगेच २०१२ मध्ये सरकार बदललं, मनोहर पर्रीकरांच्या सरकारने त्याला स्थगिती दिली, आणि पुढे कित्येक वर्षांनी तो टप्प्याटप्प्याने पुन्हा वापरात आला.

पुढचा बदल मात्र आराखड्यात न होता नगर व ग्राम नियोजन कायद्यात झाला. २०१८ मध्ये कलम १६-ब आलं, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९-अ. तिन्हींची ठेवण एकच: अख्खा आराखडा नव्याने न करता अर्ज आला की एकेका तुकड्याचा झोन बदलायचा. १७(२) चं म्हणणं वरवर साधं होतं. आराखड्यात नजरचुकीने राहिलेल्या चुका आणि विसंगत झोन दुरुस्त करता यावेत. वहिनींच्या दिरांचं घर ही तशी खरोखरची चूक. उभं घर ऑर्चर्डमध्ये दाखवणं म्हणजे दुसरं काय? पण ह्या वाटेने गेली ती फक्त घरं नाहीत. डोंगर, बागा आणि शेतंही 'चूक' म्हणून वस्तीच्या रंगात गेली, आणि शेजाऱ्याला ते राजपत्रात छापून आल्यावर कळलं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ मार्च २०२५ ला यावर निकाल दिला. कलम १७(२) रद्द केलं नाही, पण त्याचा अर्थ आवळला आणि त्याखालचे नियम व मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली. चूक दुरुस्त करायची तर ती आराखड्यातली खरोखरची चूक असली पाहिजे. एखाद्या मालकाच्या अर्जावरून, त्याच्या सोयीसाठी आराखड्याला भोकं पाडत जाणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, असा त्या निकालाचा गाभा. आता लोक विचारतात, "मग आधीचे बदल गेले का सगळे?" एका वाक्यात उत्तर नाही. प्रत्येक तुकड्याची फाईल, तारीख आणि त्यावर पुढे मिळालेल्या परवानग्या बघाव्या लागतात.

३९-अ ची रीत थोडी वेगळी. तिथे मुख्य नगर नियोजक झोन बदलाचा प्रस्ताव राजपत्रात जाहीर करतात, लोकांना सूचना-हरकतींसाठी किमान तीस दिवस द्यावे लागतात, आणि नगर व ग्राम नियोजन मंडळाच्या मान्यतेनंतर बदल होतो. त्यालाही उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. माझं मत विचाराल तर तीस दिवस काहीच नसण्यापेक्षा बरे, पण तुकड्या-तुकड्याने रंगणारा नकाशा हा आराखडा राहत नाही. प्रत्येक तुकडा वेगळा पाहिला तर निरुपद्रवी वाटतो. डोंगराचा उतार, पाण्याची वाट, रस्त्याची रुंदी हे सगळे मिळून पाहायचे विषय आहेत, आणि एका सर्व्हे नंबरच्या अर्जात ते मावत नाहीत.

तीस दिवसांचा हिशेब

वहिनींच्या डोंगरीवर आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते झोन नव्हे, तर डोंगराची कापणी. त्याच नियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला मुख्य नगर नियोजकांची लेखी पूर्वपरवानगी लागते, झोन कोणताही असो. वस्तीच्या झोनमध्येही. हे भल्याभल्यांना माहीत नसतं. आम्ही पेडण्याच्या मामलेदारांना, तालुक्याच्या टीसीपी कार्यालयाला आणि पंचायतीला एकाच दिवशी अर्ज दिला. त्यात एवढंच विचारलं: १७-अ ची परवानगी आहे का, असल्यास प्रत द्या, नसल्यास काम थांबवा. सोबत तीन फोटो, मागे तारीख-वेळ लिहून. शनिवार-रविवार गाठून काम करायची पद्धत असते, म्हणून शुक्रवारीच. परवानगी नव्हती. तलाठी पंचनामा करून गेले आणि मशीन उतरलं.

तीन महिन्यांनी त्याच सर्व्हे नंबरची ३९-अ खालची सूचना राजपत्रात आली. राजपत्र गुरुवारी निघतं. वहिनींच्या पुतणीला मोबाइलवर ते उघडायला शिकवलं होतं, म्हणून सापडलं. त्या सूचनेत गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, सध्याचा झोन आणि मागितलेला झोन एवढंच असतं, एका ओळीत. आपल्या घरामागचा डोंगर तिथे फक्त आकड्यांत दिसतो.

इथे एक खड्डा आहे. पहिला विचार येतो तो माहिती अधिकारात फाईल मागायचा. पण माहिती अधिकारातही उत्तराची मुदत तीस दिवसांचीच आहे. उत्तर येईतो हरकतीची मुदत संपलेली असते. म्हणून हरकत आधी द्यायची, हाती असलेल्या कागदांवर. त्यातच लिहायचं की फाईल पाहायला मिळाल्यावर आणखी म्हणणं मांडू. माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी वेगळा.

हरकत वहिनींनी स्वतः लिहिली. मी टाईप करून देतो म्हटलं, नको म्हणाल्या. पहिल्या मसुद्यात गोव्याची अस्मिता, येणारी पिढी, निसर्ग असं बरंच होतं. आम्ही बसून ते खोडलं. मग त्यांनी लिहिलं: माझ्या विहिरीचा नंबर अमुक, ती त्या डोंगरीच्या पायथ्याला आहे, मे महिन्यात तिला दोन हात पाणी असतं, त्यावर चार घरं चालतात. वर जाणारा रस्ता तीन मीटरचा आहे, त्यावरून टँकर वळत नाही. उतार किती आहे ते मोजून घ्यावं, माझ्या मते तो २५ टक्क्यांच्या वर आहे. सोबत झोनिंग दाखला, एक-चौदा, ग्रामसभेच्या त्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत आणि जेसीबीच्या पंचनाम्याची प्रत. ज्या ठरावाने मशीन अडलं नव्हतं, तो इथे तिसरा कागद म्हणून लागला.

बरोबर त्यांच्या दिरांचाही अर्ज होता, घराची जागा ऑर्चर्डमध्ये दाखवली ती चूक दुरुस्त करावी म्हणून. घरपट्टीच्या पावत्या आणि जुना सर्व्हे नकाशा जोडलेला. एकाच घरातून एकाच दिवशी एक अर्ज रंग बदलू नका म्हणणारा आणि दुसरा रंग बदला म्हणणारा, आणि मला दोन्ही बरोबर वाटले.

खिडकीवरच्या मुलीने दोन्ही घेतले आणि आत ठेवायला निघाली. वहिनी हलल्या नाहीत. "बाय, माझ्या प्रतीवर शिक्का मार. तारीख आणि आवक नंबर घाल." तिने मारला. शाई फिकी होती, वहिनींनी प्रत परत सरकवली आणि पुन्हा मारायला लावला. मग कागद घडी घालून ब्लाऊजच्या आत ठेवला, पेडण्याची बस किती वाजता आहे ते मला विचारलं आणि त्या बाजाराकडे निघाल्या.